तव्याच्या कंपनीची चौकशी

सुनेने माझे हात पहिल्यांदा फोनमध्ये घेतले तेव्हा मला ते कळलंच नव्हतं. मी चुलीपाशी बसून घावनं काढत होते आणि ती माझ्या पाठीशी फोन धरून उभी होती. मला वाटलं, माझ्या मुलाने पाठवलेलं काही बघत असेल. तो मुंबईला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला आहे. संध्याकाळी तिने दाखवलं. तव्यावर पीठ पडतंय, जाळी उठतेय, बांगड्या वाजतायत आणि शेवटी माझाच आवाज, "अगो, लाकूड सरकव जरा, नुसती बघत काय राहिलीस?"

मी फोन पालथा ठेवला. ती म्हणाली, "आई, तुमचं तोंड कुठे दिसतंय? हातच आहेत."

तोंड दाखवायचं नाही, या एका बोलीवर मी तयार झाले. मला माणसांसमोर बोलता येत नाही. लग्नकार्यातसुद्धा मी आत भांड्यांपाशी बसते. पण हातांना कसली लाज? पुढची दोन वर्षं माझे हात तांदळाचं पीठ कालवताना, कुळीथ निवडताना, बांगडे साफ करताना त्या फोनमध्ये जात राहिले आणि कुठकुठली माणसं ते बघत राहिली. कोणी विचारायचं, पीठ किती पातळ. कोणी विचारायचं, तवा कुठला. तवा कुठला हे विचारणारी इतकी झाली, की सुनेच्या डोक्यात तव्याच्या कंपनीचं आलं.

कंपन्या अशा बायकांना आपली वस्तू वापरून दाखवायला सांगतात आणि त्याचा मोबदला देतात, हे तिनेच मला समजावलं. एकदा दाखवून मोकळं व्हायचं असं नसतं, वर्षभराचं ठरतं. ती याला भागीदारी म्हणते. मला शब्द मोठा वाटला, पण तिच्या तोंडी तो बरा वाटायचा.

तिला घाई होती, आणि घाईचं कारण मला ठाऊक होतं. गणपतीत मुलगा आला होता तेव्हा पडवीत बसून त्याने स्पष्ट सांगितलं होतं. नात जूनमध्ये पहिलीला जाणार. त्याच्या आधी दोघींना मुंबईला न्यायचं, त्याने खोली बघून ठेवली होती. "पोरगी मला फोनमध्येच ओळखते," तो म्हणाला. "समोर आलो की तुझ्या मागे लपते." हे खोटं नव्हतं. मग सून म्हणाली, "जूनच्या आत एका जरी कंपनीने मला वर्षाचं काम दिलं तर?"

तो म्हणाला, "तर ते काम आहे असं मी म्हणेन. मग इथे राहा. नाहीतर तिथे ये, तिथेही चूल आहे."

"तिथे गॅस आहे," ती म्हणाली.

आमचे हे वारल्यापासून घरात आम्ही तिघीच, मी, सून आणि नात. त्या दोघी गेल्या तर या घरात मी कोणाशी बोलणार होते ते मला माहीत नव्हतं. पण तसं मी कोणाला म्हटलं नाही. सुनेलाही नाही.

मला वाटलं होतं, ती कंपनीला पत्र लिहील आणि उत्तराची वाट बघेल. तिने तसं केलं नाही. आधी चौकशी, मग मागणी, असं तिचं म्हणणं. "आई, मुलगी बघायला जाताना सुद्धा घरात कोणाचा शब्द चालतो ते आधी विचारतात. ज्याचा चालत नाही त्याला विचारून काय उपयोग?"

मी म्हटलं, "माझ्या वेळी कोणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच सांगते," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

सराव म्हणून पहिली चौकशी तिने मिरजोळ्याला केली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत लोणची-मसाल्याचा एक कारखाना आहे. मी बरोबर गेले, पण फाटकापासून लांब काजूच्या झाडाखाली उभी राहिले. आपण गेलो असतो तर साहेब आहेत का असं विचारलं असतं आणि नाहीत असं उत्तर घेऊन परत आलो असतो. तिने वॉचमनला साहेबांचं विचारलंच नाही. तिने विचारलं, "जाहिरातीचे बोर्ड रंगवून येतात ते उतरवून कोण घेतं?" वॉचमनने सांगितलं. मग त्या माणसाला वरून कोण सांगतं, तो कुठे बसतो, तो इथे येतो की मुंबईलाच असतो, असं करत करत पाच मिनिटांत तिला कळलं की जाहिरातीचं सगळं मुंबईहून ठरतं आणि इथल्या कोणालाही विचारणं फुकट आहे. परत येताना गाडीत तिचा चेहरा असा होता की जणू काम झालंच आहे.

"अगो, नाही म्हणाले ना ते?" मी विचारलं.

"नाही कुठे म्हणाले? कोणाला विचारायचं नाही ते कळलं."

त्या दिवशी पालीच्या बाजारातून तिने एक जाड वही घेतली आणि लिहायचं काम माझ्याकडे दिलं. तिच्या एका हातात फोन असायचा, दुसऱ्या हाताने ती खुणा करायची. माझं अक्षर गोल आहे, चौथीत असताना बाई फळ्यावर मला तारीख लिहायला सांगायच्या. त्यानंतर पेन हातात आलं ते असं. प्रत्येक कंपनीला दोन पानं. वर कंपनीचं नाव, खाली माणसं. कोण मालक, कोण जाहिरात बघतं, कोण नुसतं फोन उचलतं. कोणाशी कोणत्या वेळी बोलावं. कोणाला काय म्हणावं. आणि सगळ्यात खाली एक ओळ, "यांना आपलं काय आवडेल."

आमच्या घरात फोनची रेंज येत नाही. वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, जावं लागतं. जेवणं झाली की दुपारी आम्ही नातीला घेऊन वर जायचो आणि कातळावर आंब्याच्या सावलीला बसायचो. सून फोनमध्ये बघून सांगायची, मी लिहायची, नात खडे गोळा करायची. वाडीत बोलणं झालंच. शेजारची काकी एकदा वाटेत उभी राहून म्हणाली, "सुनबाय रोज सड्यावर फोन घेऊन जाते. एवढं कोणाशी बोलायचं असतं?"

मी मान खाली घातली. सून म्हणाली, "कोल्हापूरच्या तव्यावाल्यांशी, काकी. तुमचा काही निरोप आहे काय?"

काकी म्हणाली, "माझा कसला निरोप. माझा तवा बरा आहे."

"मग तुमच्या तव्याची जाहिरात करू," सून म्हणाली. काकी पुढे गेली, पण चार दिवसांनी येऊन विचारून गेली की फोनमध्ये तिचा तवा खरंच दाखवणार आहे का.

वहीत सात कंपन्या झाल्या. तेलाची एक, कोकमाची एक, पिठाची, पाट्यावरवंट्याची. पण पहिलं पान बिडाच्या तव्याचं होतं. कोल्हापूरकडे तो कारखाना आहे आणि पालीच्या भांड्यांच्या दुकानात त्यांचा माल येतो. खोक्यावर एक नंबर होता. सुनेने लावला तर एक मुलगी म्हणाली, तक्रार असेल तर नोंदवा. सून म्हणाली, तक्रार नाही, पण कोणी नोंदवली तर ती कोणापर्यंत जाते? ती मुलगी गोंधळली आणि तिने फोन ठेवला. मी म्हटलं, झालं. सून म्हणाली, "ती नवीन आहे. लिहा, नवीन आहे."

मग ती भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने सांगितलं, कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला मंगळवारी येतो. मंगळवारी आम्ही दोघी दुकानात, मी डब्यांच्या राशीमागे. तो माणूस चहा पीत होता. सुनेने त्याला माल खपतो का, असं विचारलं नाही. विचारलं, "तुमच्या तव्याच्या खोक्यावर भाकरीचंच चित्र का? आमच्याकडे भाकरीइतकीच घावनं होतात."

तो म्हणाला, "ते आम्हाला काय ठाऊक. चित्राचं वहिनीसाहेब बघतात."

"वहिनीसाहेब म्हणजे?"

"मालकांच्या वहिनी. मालकांचं लक्ष भट्टीवर. बाकी जाहिरात, खोकी, फोनवरच्या बायका, सगळं वहिनीसाहेब. नवीन तवा निघाला की आधी त्यांच्या घरी जातो. त्यांनी भाकरी भाजून बघितल्याशिवाय बाजारात येत नाही." चहा संपेपर्यंत त्याने आणखी पुष्कळ सांगितलं. त्या अकरा ते एक ऑफिसात बसतात. कागद बघतात, पण सावकाश. ऑफिसचा साधा फोन वाजला तर स्वतः उचलतात. "आणि मॅडम म्हणू नका. त्यांना ते आवडत नाही."

येताना गाडीत सून ते नाव पुटपुटत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आई, लिहा. वहिनीसाहेब. मॅडम नाही."

मी लिहिलं. मला त्या दिवशी वाटलं, ही मुलगी शिकली किती ते महत्त्वाचं नाही, हिला माणसाला काय विचारावं ते कळतं. मी आयुष्यभर प्रश्न मनात घेऊन घरी परत आले आहे. दवाखान्यात, बँकेत, शाळेत, सगळीकडे. ही प्रश्न तिथेच ठेवून उत्तर घेऊन येते.

तरीही ती पत्र लिहीना. त्या कंपनीचा तवा तिने विकत आणला आणि महिनाभर आम्ही त्याच्यावरच केलं. तांदळाच्या पेजेने धुतला, कांद्याच्या साली परतल्या, नारळाची शेंडी तेलात बुडवून रोज फिरवली. आठ दिवसांनी भाकरी सुरेख निघायला लागली. घावनं मात्र बिघडायची. मी शोधून काढलं की तव्याचा मध्य किंचित खोल आहे. आमच्या जुन्या तव्यावर पीठ मधे टाकलं की बाहेर धावतं. या तव्यावर ते मधेच बसून राही. मध्यभाग जाड आणि कच्चा, कडा करपलेल्या, आणि उलथताना फाटायचं. मी पीठ अजून पातळ केलं. मग कडेने गोल सोडत आत यायचं आणि मधे टाकायचंच नाही, आपसूक वाहून येईल तेवढंच येऊ द्यायचं, असं केलं. चौथ्या दिवशी घावन सबंध निघालं.

सून ते बघत होती. म्हणाली, "हे पण पत्रात घालू."

"वेडी आहेस काय? त्यांच्या वस्तूची खोड त्यांनाच सांगायची?"

"खोड सांगायची आणि उपाय पण सांगायचा. मग त्यांना कळेल की आपण खरंच वापरलाय."

त्याच दिवसांत तिने आणखी एक केलं. कंपनीने आधी ज्या बायकांना काम दिलं होतं त्यांतल्या तिघींना तिने फोन केले. दोघींनी उचलला नाही. तिसरी सांगलीकडची. ती भरपूर बोलली. कंपनी बोललेलं पाळते, वहिनीसाहेब कडक आहेत पण फसवत नाहीत, पत्र मराठीत लिहा, लांब लिहू नका. सून तिला ताई म्हणायला लागली आणि मधूनमधून त्यांचं बोलणं होत राहिलं.

पत्र तयार झालं तेव्हा होळी चार-पाच दिवसांवर आली होती. तिने मला वाचून दाखवलं. छोटं होतं. आम्ही कोण, तवा किती दिवस वापरला, मध्य खोल आहे, त्यावर घावन असं निघतं, कोकणातली माणसं तुमचा तवा घेतील ती घावनासाठी घेतील. मला ते इतकं आवडलं की मी परत वाचायला सांगितलं. आज दुपारी पाठवते, ती म्हणाली.

आणि मी म्हटलं, "शिमगा होऊ दे गो. सणात कोण कामाचं बोलतं?"

आमच्याकडे शिमगा म्हणजे एका दिवसाचा सण नाही. होळीपासून ग्रामदेवतेची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर येते, मग वाडीवाडीत, घराघरांत फिरते. मुंबईची माणसं येतात. कामं थांबतात. कोणाच्या घरी पालखी कधी येईल त्यावर सगळा दिवस ठरतो. माझा सगळा जन्म यात गेला, आणि सुनेचं माहेर सावर्ड्याचं, तिचाही. मला वाटलं, शिमग्यात पत्र पाठवलं तर ते बंद ऑफिसात पडून राहील, वर दहा पत्रं येतील आणि आमचं खाली जाईल. तिलाही ते पटलं. "खरं आहे," ती म्हणाली. "पालखी गेली की लगेच पाठवू."

मुलगा आला. वही त्याच्या हाती लागली तेव्हा पानं उलटत म्हणाला, "हे काय, पोलिसात लागलात काय दोघी?" पण त्याने ती बराच वेळ वाचली. सुनेने त्याला पत्र दाखवलं नाही. काम झाल्यावरच सांगायचं असं तिचं ठरलं होतं.

आमच्या अंगणात पालखी आली, आम्ही ओट्या भरल्या, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली आणि घरच्यांचं काय मागणं आहे ते विचारलं. मुलगा म्हणाला, "मुलीची शाळा नीट होऊ दे." गाऱ्हाण्यात तेच गेलं. कुठली शाळा ते कोणी म्हटलं नाही. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

मुलगा परत गेल्यावर दोन दिवसांनी पत्र गेलं, आणि त्याच्या चार दिवसांनंतर सकाळी साडेअकराला आम्ही सड्यावर जाऊन ऑफिसचा फोन लावला. सुनेने त्याचा आवाज मोठा केला होता, मला ऐकू यावं म्हणून.

"बोला की," पलीकडून बाईंचा आवाज आला.

सुनेने आपलं नाव, गाव सांगितलं. वहिनीसाहेब म्हणाल्या, "होय, वाचलं तुमचं पत्र. चांगलं लिहिलंय. मध्य खोल आहे म्हणून लिहिणारी तुम्ही पहिलीच. पण यंदाच्या बायका ठरल्या. आमच्याकडं मार्च संपायच्या आत सगळं ठरतंय. पंधरा दिवस आधी का नाही लिहिलंत?"

सून म्हणाली, "गावात शिमगा होता."

"मग? शिमग्यात ऑफिस बंद असतंय होय?"

"आमच्याकडे असतं."

बाई हसल्या. टोचेल असं नव्हतं ते हसणं. "आमच्याकडं रंगपंचमीचा एक दिवस सुट्टी, बाई."

मला उठून जावंसं वाटलं. कातळ तापला होता आणि मी तशीच बसून राहिले. पंधरा दिवस माझ्या एका वाक्याने गेले होते. सुनेने रडायला हवं होतं, निदान फोन ठेवायला हवा होता. ती म्हणाली, "वहिनीसाहेब, ठरलं ते ठरलं. पुढच्या वर्षी मी कधी लिहू आणि पत्रावर कोणाचं नाव घालू, तेवढं सांगाल काय?"

"फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. माझंच नाव घाला," त्या म्हणाल्या. "हे अजून कोणी विचारलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आई, लिहा." मी पेन कातळावर ठेवलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे."

"आपण दोघींनी ठरवलं होतं. सगळ्यांची चौकशी केली, त्यांच्या कॅलेंडरची राहिली. ती माझी राहिली." आणि तिने माझ्या हातातून वही घेतली आणि स्वतः लिहिलं. फेब्रुवारी. शिमग्याआधी.

पण जून फेब्रुवारीच्या आधी येणार होता. तिने उरलेल्या सहा कंपन्यांना लिहिलं. दोघांनी नाही म्हटलं, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. मे महिना उजाडला. मुलाने फोनवर सांगितलं की तिकडच्या शाळेत त्याने विचारून ठेवलंय. सून "बरं" म्हणाली. एकदा मी बघितलं, ती नातीचे लहान झालेले कपडे वेगळे काढत होती. न्यायचे नसतील ते.

त्या दिवसांत सड्यावर असताना सांगलीच्या ताईंचा फोन आला. यंदाच्या ठरलेल्या बायकांत त्या होत्या. वहिनीसाहेबांनी या वेळी त्यांना भाकरीबरोबर घावनंही करून दाखवायला सांगितली होती.

"काय सांगू ताई तुम्हाला," त्या म्हणाल्या, "चार दिवस झालं, नुसता लगदा होतोय बघा. मधनं फाटतंय. तुम्ही सांगा की कसं करायचं ते."

मी सुनेला हाताने खूण केली, सांगू नकोस. तिचं सगळं त्या एका युक्तीत होतं. ती माझ्या हातांनी शोधलेली युक्ती होती, मला तरी ती द्यायची नव्हती. सुनेने खूण बघितली. आणि ती फोनवर म्हणाली, "सांगते ताई, सगळं सांगते. पण एक करायचं. वहिनीसाहेबांना तुम्ही स्वतः फोन करायचा आणि सांगायचं की हे मला रत्नागिरीच्या अमुक बाईने शिकवलं."

ताई म्हणाल्या, "म्हणजे मला येत न्हाई असं मीच सांगू होय?"

"येत नव्हतं, आता येतं, असं सांगा. त्या तुमच्यावर रागावणार नाहीत. तुम्हीच म्हणाला होता ना, कडक आहेत पण सरळ आहेत?"

"तुम्ही लई हुशार आहात."

"हुशार असते तर शिमग्याआधी पत्र पाठवलं असतं," सून म्हणाली. तेव्हा त्या हसल्या आणि बरं म्हणाल्या.

मी हे सगळं ऐकत होते. मला कोणी काही मागितलं तर मी देऊन टाकते आणि मला काही हवं असेल तर गप्प बसते. देताना आपलंही मागता येतं, आणि समोरच्याला वाईट न वाटता मागता येतं, हे मी पन्नाशी उलटल्यावर माझ्या सुनेकडून बघितलं. घरी येऊन तिने मला चुलीपाशी बसवलं, फोन माझ्या हातांवर धरला आणि म्हणाली, "आई, सावकाश करा. कडेने." मी तीन घावनं काढली. सड्यावर जाऊन तिने ते पाठवलं आणि लगेच ताईंचा फोन आला, "अगं बाई, मधे टाकतच न्हाईत." दुसऱ्या दिवशी त्यांचं घावन सबंध निघालं. फोटो आला.

आठवडा गेला. ताईंनी वहिनीसाहेबांना सांगितलं की नाही ते कळेना. सून विचारत नव्हती. मी म्हटलं, विचार तरी. ती म्हणाली, "त्यांनी शब्द दिलाय. परत विचारलं तर मी विश्वास ठेवला नाही असं होईल."

मग एक दिवस बाजारातून येताना, पालीच्या स्टॉपवर, तिचा फोन वाजला. गाड्यांचा आवाज होता, ती एक कान दाबून बोलत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी नातीचा हात धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती "होय" म्हणाली, "होय वहिनीसाहेब" म्हणाली. मग म्हणाली, "पण बांगडे पण होतात आमच्या चुलीवर, ते चालेल ना? आधीच विचारते." आणि मग, "बरं. तव्यावर नाही दाखवणार."

फोन ठेवून तिने मला सांगितलं. तांदळाचं जेवढं असेल, घावनं, भाकरी, आंबोळी, ते आमच्याकडे. आतापासून पुढच्या मार्चपर्यंत, त्यांचं वर्ष संपेपर्यंत. ज्वारीची भाकरी आणि थालीपीठ सांगलीच्या ताईंकडे राहील. माशांचं तव्यावर नको, ते त्यांच्या घरी चालत नाही, आपल्या दुसऱ्या भांड्यात काय करायचं ते करा. आणि हातांवर कंपनीचं काही बंधन नाही. "हात जसे आहेत तसेच हवेत म्हणाल्या."

मी नातीच्या कपाळावरचे केस मागे केले. गाडी आली.

मुलाला तिने त्याच दुपारी सड्यावरून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बोललेलं पाळलं. "म्हणजे काम आहे," तो म्हणाला. "बरं." त्याचा आवाज बारीक झाला होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी फोन नातीच्या कानाला लावला.

जूनमध्ये तो दोन दिवस सुट्टी काढून आला आणि नातीचं नाव गावातल्या शाळेत त्यानेच घातलं. जाताना ती त्याचं बोट धरून चालली होती, येताना त्याने तिला खांद्यावर घेतलं. मी पडवीतून बघत होते. मला वाटलं, आता हा निघाला की पुन्हा गणपतीपर्यंत फोनमध्ये.

सुनेला हे माझ्याआधी दिसलं असणार. तो निघायच्या सकाळी तिने त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. मिरजोळ्याच्या त्या मसाल्याच्या कारखान्याचं मुंबईचं ऑफिस त्याच्या कॅन्टीनपासून दोन स्टॉपवर आहे, असं तिने शोधलं होतं. "साहेबांना विचारू नका," ती म्हणाली. "लिफ्टवाला असेल त्याला विचारा. जाहिरातीचं कोण बघतं, कधी येतं, कसं बोलतं."

"मी?" तो म्हणाला. "मला कुठे असलं जमतं?"

"तुमच्या कॅन्टीनमध्ये कोण साखर कमी घेतं ते तुम्हाला माहीत असतं ना? तसंच आहे."

त्याने चिठ्ठी खिशात घातली. मला वाटलं नव्हतं तो जाईल. तिसऱ्या दिवशी दुपारी सड्यावर असताना त्याचा फोन आला आणि एरवी पोरगी जेवली का, आई बरी आहे का, एवढ्यात संपणारा तो फोन संपेना. तो बोलतच होता. चौथ्या मजल्यावर एक बाई बसतात. लिफ्टवाला चिपळूणकडचा निघाला. बाई स्वतः डबा आणतात, बाहेरचं खात नाहीत. गुरुवारी ऑफिसात येत नाहीत.

"गुरुवारी का येत नाहीत?" सुनेने विचारलं.

"ते नाही विचारलं."

"मग उद्या विचारा."

तो "बरं" म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं.